साडूंचा सूट, माझा सूड

२ मार्च, सोमवार. दुपारी ४

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर नोंद हवी. माझं मन मोठं असल्यामुळे मी लोकांचे अपराध फार लवकर विसरतो. ह्या वेळी विसरायचं नाही.

घटना अशी. आज भाचीचं लग्न होतं. भाची म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. रजिस्टर लग्न, दहा वाजता. साक्षीदार म्हणून सही मी करायची होती. भाची स्वतः दुकानात येऊन सांगून गेली होती, काका, सही तुमचीच हवी. तेव्हापासून मी खडूने कापडाच्या तुकड्यांवर सहीचा सराव करत होतो. गाऊनच्या एका कापडावर चुकून पक्क्या पेनने केली, ते वेगळं.

ही सकाळीच बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, वेळेवर या. म्हणालो, हे मला सांगायची गरज नाही.

नऊला क्रीम पँटवर चहा सांडला. दुसरा कोणी घाबरला असता. मी शांतपणे पेपर संपवला आणि पँट वॉशिंग मशीनमध्ये टाकली. तेव्हा साडेनऊ. मशीनने दाखवलं, २८ मिनिटं. हिशेब सरळ होता. नऊ अठ्ठावन्नला पँट हातात, दोन मिनिटांत इस्त्री, दहाला ऑफिसात. ऑफिस दोन चौक सोडून आहे. ह्याला नियोजन म्हणतात.

ठरल्यावेळी मशीनवर १ आला. एक मिनिट. इस्त्री तापवून शेजारी उभा राहिलो. तो १ तसाच राहिला. मशीन गचका देई, थांबे, उलटं फिरे, विचार करी, पुन्हा गचका. वर १. अंगात शर्ट, टाय, कोट, पायात मोजे, बूट, आणि मध्ये काही नाही, असा मी त्या १ समोर उभा. दार ओढलं. ढकललं. समजावून सांगितलं. उघडेना.

अर्ध्या तासाने खाली दुकानात गेलो आणि बँकेतल्या साहेबांची तयार पँट घातली. तयार म्हणजे जवळजवळ तयार. कंबर घट्ट होती, ती उसवून पुन्हा शिवली. अर्धवट काम मला जमत नाही. पोचलो तेव्हा बारा झाले होते.

सही झाली होती. माझ्या जागी साडूंच्या, म्हणजे भाचीच्या वडिलांच्या, दुकानातल्या टेम्पो ड्रायव्हरने केली. फोटोही झाले होते. भाची माझ्याकडे बघून हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. साडू सगळ्यांसमोर म्हणाले, अहो, आमचे साडूभाऊ टेलर आहेत, मंगळवारी बोलावलं तर शनिवारी उगवणारच. सगळे हसले. बँकेतले साहेबही हसले. ते मुलाकडून आले होते. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. उजव्या पायाला अजून पांढरा कच्चा टाका होता.

अपराधी दोन. पहिला, मशीन. दुसरा, साडू. आणि मशीन साडूंच्याच दुकानातलं आहे. म्हणजे मूळ एकच.

कोणालाही सोडणार नाही.

३ मार्च, मंगळवार

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. मग एक मुलगी आली. तिला सगळं सांगितलं, पँटचा तपशील सोडून. ती म्हणाली, सर, ती वेळ अंदाजे असते. कपड्यांचं वजन, फेस, तोल बघून मशीन स्वतःच वेळ वाढवतं. मी विचारलं, मग आकडा दाखवता कशाला? म्हणाली, ग्राहकाला बरं वाटावं म्हणून, सर.

ग्राहकाला बरं वाटावं म्हणून खोटी वेळ सांगायची. कान लाल झाले. तिला सुनावलं की, मुली, मी तीस वर्षं धंदा करतोय, शब्द म्हणजे शब्द.

बोलणं चालू असतानाच ब्लाऊजवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना खुणेने सांगितलं, परवा. त्या खुणेनेच म्हणाल्या, हे गेल्या आठवड्यातही सांगितलं होतं. काही लोकांना माणूस फोनवर आहे हे दिसत नाही.

५ मार्च, गुरुवार

मेकॅनिक आला. काल यायचा होता. ह्या लोकांना वेळेची काडीचीही किंमत नाही. मशीन उघडून, वाकून, वास घेऊन म्हणाला, दोष काही नाही. एकटीच जड पँट टाकली की ती एका बाजूला जाऊन बसते, तोल जमेपर्यंत मशीन पुढे जात नाही. सोबत दोन टॉवेल टाकत जा.

म्हणजे पँटला सोबत हवी. मी म्हणालो, मला टॉवेल नकोत, मला तो १ कुठून येतो ते दाखव. तो हसला. निघताना म्हणाला, मास्तर, माझा शर्ट होता तुमच्याकडे, निळ्या चौकटीचा. म्हणालो, काजं तेवढी राहिली आहेत. तो म्हणाला, मागच्या वर्षीही काजंच राहिली होती.

माणूस साडूंचा आहे हे लगेच लक्षात आलं.

माझं शिवणाचं मशीन बघा. पाय मारला की चालतं, पाय काढला की थांबतं. कधी होईल ते सांगत नाही. म्हणून त्याचा शब्द कधी खाली पडला नाही.

६ मार्च, शुक्रवार. रात्रीच्या जेवणाआधी

देव शत्रूला आपल्या दारात आणून उभा करतो, ते खरं आहे.

साडू दुकानात आले. हातात कापडाची पिशवी. विक्रेत्यांच्या संघाने त्यांना बक्षीस जाहीर केलंय, सगळ्यात जास्त वॉशिंग मशीन विकल्याबद्दल. समारंभ वीस तारखेला, मोठ्या हॉलमध्ये. त्यासाठी थ्री पीस सूट हवा. राखाडी. कापड उंची आहे, हाताला लोण्यासारखं लागतं. म्हणाले, साडूभाऊ, तुमच्याशिवाय कोणाकडे जाणार?

चेहरा गंभीर ठेवला. आतून उकळ्या फुटत होत्या.

माप घेताना पहिला वार केला. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना म्हणालो, लिहा, पोट बेचाळीस. काकू म्हणजे आमच्याकडे काजं-बटणं करतात त्या. साडू हसले आणि म्हणाले, चव्वेचाळीस असेल हो, नीट बघा. नीट बघितलं. चव्वेचाळीसच होतं. ज्याला लाज नाही त्याला मापाने काही होत नाही.

कधी देता विचारलं. अठरा तारीख, म्हणालो. नक्की? नक्की.

योजना तयार आहे. अठराला सांगायचं, एक मिनिटाचं काम राहिलंय. एकोणीसला, एक मिनिट. वीसला सकाळी, एक मिनिट. बक्षीस घ्यायला साडू वर चढतील ते रोजच्या शर्टात, नाहीतर चढणारच नाहीत. मग मी शांतपणे म्हणेन, साडूभाऊ, ती वेळ अंदाजे असते.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागणार.

८ मार्च, रविवार

आज मशीनचा बंदोबस्त. त्याच्या आकड्यावर पट्टी बांधली. काळं जाड कापड, आतून अस्तर, कडेला पायपिंग, मागे इलॅस्टिक. आकडा पूर्ण झाकला जातो. सकाळी कापली, दुपारी शिवून बसवली. मशीनला म्हणालो, आता दाखव कोणाला १ दाखवतोस.

काकू घरी हिला भेटायला आल्या होत्या. पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, मास्तर, सकाळी कापलं आणि दुपारी दिलं, हे मी पहिल्यांदाच बघतेय.

ही चिडेल असं वाटलं होतं. ही म्हणाली, छान झालंय, धूळ बसणार नाही. मी विचारलं, वेळ कळणार नाही त्याचं काय? म्हणाली, मी त्या आकड्याकडे कधी बघतच नाही. शिट्टी वाजली की उठते. वेळ सांगितली म्हणजे काम तेव्हा होतं असं थोडंच आहे. तुमच्याबरोबर इतकी वर्षं राहून तेवढं कळतं.

शेवटचं वाक्य नीट समजलं नाही. बहुधा कौतुक असावं.

११ मार्च, बुधवार

मोहीम जोरात चालू. सुटाला हात लावलेला नाही. रोज सकाळी कापडाकडे बघतो आणि लावत नाही. मोठं समाधान आहे.

काकूंनी विचारलं, मास्तर, साडूंचा सूट अजून कापला नाहीत? मी म्हणालो, मुद्दाम. काकूंनी सुई थांबवली. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे बोट करून म्हणाल्या, आणि ते? म्हणालो, ते मुद्दाम नाही. काकू म्हणाल्या, मग बघणाऱ्याला कसं कळायचं, कुठलं मुद्दाम आणि कुठलं आपलं असंच?

मुद्दा विचार करण्यासारखा होता. सुटाचं कापड गठ्ठ्यातून काढून वेगळ्या फळीवर ठेवलं. वर चिठ्ठी लावली. मुद्दाम.

ब्लाऊजवाल्या बाई. परवा.

१५ मार्च, रविवार

काहीतरी बिनसलंय. साडूंचा एकही फोन नाही. तारीख तीन दिवसांवर आली की गिऱ्हाईक फोन करतं, ट्रायलला येऊ का विचारतं, आवाज चढवतं. मला त्याची सवय आहे. साडू गप्प.

शेवटी मीच फोन केला. म्हणालो, सूट जरा मागे पडलाय. म्हणाले, बरं. मी म्हणालो, म्हणजे चांगलाच मागे पडलाय. म्हणाले, होईल हो, सवडीने करा. मी म्हणालो, अस्तरही मिळत नाहीये. म्हणाले, तब्येत कशी आहे?

शत्रूची झोप उडत नसेल तर सूड कसला? आज माझीच दुपारची झोप उडाली.

मशीनवर दुसरा प्रयोग केला. शिट्टी वाजली तरी कपडे काढले नाहीत. म्हटलं, आता तू थांब, कळू दे तुला वाट बघणं म्हणजे काय. संध्याकाळपर्यंत थांबवलं. मशीनला काही फरक पडलेला दिसला नाही. कपड्यांना मात्र पडला. कुबट वास मारतोय. ही म्हणाली, पुन्हा धुवा. मी विचारलं, मी? ती म्हणाली, हो, थांबवलं तुम्ही.

१८ मार्च, बुधवार

ठरल्याप्रमाणे साडूंना फोन केला. म्हणालो, एक मिनिटाचं काम राहिलंय. हे वाक्य बारा दिवस तोंडात घोळवलं होतं. आवाजात जरा मशीनचा थंडपणा आणला.

साडू म्हणाले, बरं, बरं.

खरं म्हणजे चोवीस तासांचं काम राहिलंय, आणि कापड अजून अखंड आहे. धीट माणूस.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी २

आजचा दिवस. सकाळी नऊपासून दुकानात बसून आहे. ब्लेझर घातलाय. साडू गयावया करत येतील तेव्हा आपण नीट दिसावं. पाणी, खुर्ची, सगळी तयारी आहे. आले की आधी बसा म्हणायचं.

त्याच दिवशी, दुपारी ३.३०

आले नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

शेवटी मीच त्यांच्या दुकानात गेलो. बघतो तर साडू रोजच्या शर्टात एका जोडप्याला मिक्सर दाखवतायत. म्हणालो, समारंभ? ते म्हणाले, कुठला? म्हणालो, तुमचा, आजचा. साडूंनी मिक्सर बंद केला. म्हणाले, तो तीस तारखेला आहे. तुम्हाला वीस सांगितली होती.

चेष्टेने नाही. वीज बिल भरलंय असं सांगावं तसं. मी विचारलं, का? म्हणाले, तुम्हाला थोडी आधीचीच सांगायची, आपल्यात तशी पद्धतच आहे ना. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

मिक्सरवालं जोडपं माझ्याकडे बघत होतं. त्यातली बाई मानेने हो म्हणत होती. मग ओळखली. ब्लाऊज.

घरी येऊन हिला विचारलं. ही भाजी चिरत होती. चिरता चिरता सांगितलं, लग्न दहाला नव्हतंच, साडेअकराला होतं. तुम्हाला दहा सांगितलं. तरी आला नाहीत म्हणून पोरीने रजिस्ट्रारच्या हातापाया पडून त्यांना पंधरा मिनिटं थांबवलं. मग पुढचं जोडपं दारात येऊन उभं राहिलं.

पोरीने थांबवलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पेन खाली ठेवतो.

२१ मार्च, शनिवार. सकाळी

रात्री विचार केला. आता सगळं स्पष्ट दिसतंय.

मला जन्मभर खोट्या वेळा सांगितल्या गेल्या. बायकोने, साडूने, मेहुणीने. मी एका वॉशिंग मशीनवर चिडत होतो, आणि अख्खं घराणं मशीन निघालं. लग्न साडेअकराला आहे हे खरं सांगितलं असतं तर मी पँट अकराला टाकली असती का? नसती. म्हणजे उशीर कोणामुळे झाला? त्यांच्यामुळे. माझी सही त्यांनीच घालवली.

आता सूड बदलला. जुना सूड लहान होता. ह्यांनी दहा दिवस राखून ठेवलेत, कारण त्यांची खात्री आहे की मी चुकणार. ती खात्रीच मोडायची. सूट चोवीसला तयार. सहा दिवस आधी. खुंटीवर टांगलेला सूट रोज त्यांच्याकडे बघेल आणि ते दहा दिवस त्यांच्या घशात अडकतील. वेळेवर काम करून मारणं, ह्यासारखा दुसरा मार नाही.

चिठ्ठी फाडली. कापड पसरलं. काकू म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का, मास्तर?

२४ मार्च, मंगळवार

सूट झालेला नाही. पण ह्याला उशीर म्हणता येणार नाही, कारण चोवीस तारीख मी कोणाला सांगितली नव्हती.

कोट मात्र असा उतरतोय की बोलायची सोय नाही. आतला कॅनव्हास हाताने बसवला. हल्ली चिकटवून भागवतात. कॉलरच्या उलट बाजूला बारीक टाका घातला, जो कोणाला कधी दिसणार नाही. टाका टाकताना प्रत्येक वेळी साडूंचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो. त्याने टाका घट्ट बसतो. पोट असं झाकलंय की चव्वेचाळीसचं चाळीस वाटावं. हेही सुडातच धरलंय. स्वतःचं पोट शोधत बसतील.

तीन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. ब्लाऊजवाल्या बाई आल्या, उभ्या राहून बघत बसल्या, आणि परवा न विचारताच गेल्या.

२७ मार्च, शुक्रवार

सूट पोचवला. स्वतः, हातावर घेऊन, पायी. तीन दिवस आधी.

दार मेहुणीने उघडलं. सूट बघून म्हणाली, अय्या, आजच? पहिला घाव बसला. साडूंना घालून दाखवायला लावलं. ते आरशासमोर उभे राहिले. खांद्यांवरून हात फिरवला. बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मेहुणी मागे उभी. मी वाट बघत होतो, आता माफी मागतील.

कोट ठेवायला साडूंनी कपाट उघडलं आणि चटकन बंद केलं. पण मला दिसलं. आत राखाडी सूट लटकत होता. तयार, दुकानातला, बाहीला लेबल अजून तसंच.

म्हणालो, हा कुणाचा? मेहुणी म्हणाली, भावजी, चहा टाकते. साडू म्हणाले, तुमचा वेळेत येईल असं धरलं नव्हतं. खोटं कशाला बोलू. मी विचारलं, मग कापड दिलंत कशाला? साडू कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाले, लग्नात मी जरा जास्त बोललो. पोर घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हटलं, तुमच्याकडे काहीतरी शिवायला टाकावं.

म्हणजे मोहीम चालू होती तेव्हा शत्रू समेट करत होता, आणि मला कळवलंसुद्धा नाही. अशाने माणसाने सूड घ्यायचा कसा?

साडूंनी टेम्पो ड्रायव्हरला हाक मारून तो लेबलवाला सूट परत करायला दिला. म्हणाले, तीसला हाच. आणि साडूभाऊ, तुम्ही पुढच्या रांगेत. साडेसहाला सुरू.

ड्रायव्हर माझ्याकडे बघत उभा होता. सही करणारा हाच. त्याला म्हणालो, सांभाळून ने.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळी ५.३०

तयार आहे. पूर्ण. क्रीम पँट, ब्लेझर, टाय. पँट कालच धुतली, दोन टॉवेलांबरोबर.

ही दुपारीच बहिणीकडे गेली. दारातून म्हणाली, साडेसहा म्हणजे साडेसहा, ह्या वेळी खरंच. मी फक्त हसलो. लग्नाच्या सकाळीही हिने असंच तोंड केलं होतं.

त्याच दिवशी, ५.५०

आता मी फसणार नाही. लग्नाला दहा म्हणाले, खरी वेळ साडेअकरा. फरक दीड तासाचा. साडेसहात दीड मिळवला की आठ. आठच्या ठोक्याला, ना एक मिनिट आधी ना नंतर, मी हॉलमध्ये शिरणार. सगळे माना वळवतील. म्हणेन, बरोबर वेळेवर आलो ना?

हॉल बसने पंधरा मिनिटांवर आहे. पावणेआठला निघायचं. खुर्चीत ताठ बसलोय. पँटची घडी मोडू नये म्हणून पाय लांब केलेत.

त्याच दिवशी, ६.४०

हिचा फोन. कुठे आहात, सुरू झालंय. मागे टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या टीव्हीच्याही असू शकतात. म्हणालो, येतो. घाई केली नाही.

त्याच दिवशी, ७.०५

पुन्हा फोन. ह्या वेळी भाची. काका, निघालात? म्हणालो, वाटेत आहे. आवाज जरा वेगळा वाटला. पोरगी आईच्या वळणावर गेलीय, नाटक चांगलं करते.

त्याच दिवशी, ७.३०

एवढं वेळेआधी तयार होऊन मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. पायाला मुंग्या आल्या आहेत. साडूंना हे दिसायला हवं होतं.

३१ मार्च, मंगळवार

आठला बरोबर पोचलो. लोक ताटं घेऊन उभे होते. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या कामगार एकात एक घालून उचलत होते.

साडेसहा खरंच साडेसहा होतं.

झालं ते काकूंकडून कळलं. त्यांनाही बोलावणं होतं, आणि त्या सव्वासहाला जाऊन बसल्या होत्या. साडूंना सातला वर बोलावलं. अध्यक्षांनी माइकवरच विचारलं, सूट कुठून घेतलात? साडू म्हणाले, घेतला नाही, शिवून घेतला, माझ्या साडूंनी शिवलाय, आणि तीन दिवस आधी दिलाय. हॉल हसला, पण वाईट हसू नव्हतं. मग साडू म्हणाले, मास्तर, जरा उभे राहा. सगळ्यांनी माना वळवल्या. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर हिची पर्स.

साडूंनी माइकवरूनच दाराकडे बघितलं. मग भाची उठून उभी राहिली. म्हणाली, काका वाटेत आहेत. लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

सात वाजून दहा मिनिटं झाली असतील तेव्हा. मी तेव्हा घरात पाय लांब करून बसलो होतो.

मी पोचलो तेव्हा भाचीने माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. समोर बसली आणि म्हणाली, ह्या वेळी खरी वेळ मीच सांगायला लावली होती. बाबा नको म्हणत होते, आई नको म्हणत होती. मी म्हटलं, काकांनी सूट आधी दिलाय, आता तरी त्यांना खरं सांगा.

तिला सगळा हिशेब समजावून सांगितला. दहा, साडेअकरा, दीड, आठ. हिशेबात एकही चूक नाही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, काका, जेवा, गार होतंय.

परत येताना बसमध्ये ही खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हणालो, हे तुम्ही लोकांनीच शिकवलंत. ही म्हणाली, हो. भांडली असती तर उत्तरं तयार होती माझी.

४ एप्रिल, शनिवार

बँकेतले साहेब येऊन पँट घेऊन गेले. पांढरा टाका काढून, धुऊन, इस्त्री करून दिली. ब्लाऊजवाल्या बाईंनी कापड परत मागितलं. दिलं. त्यावर खडूने माझी सही होती, ती झटकून दिली.

दुपारी साडू आले. मी सावध झालो. नवा सूड अजून ठरला नव्हता, पण बीज मनात होतं. त्यांनी पिशवीतून कापड काढून टेबलावर ठेवलं. निळं, तेवढंच उंची. म्हणाले, जावयाला सूट करा. माप त्याचं आणलंय. तुमचा कोट बघून तोच म्हणाला, मला काकांकडूनच हवा.

वही ओढली. विचारलं, कधी हवाय?

म्हणाले, कधीही.

म्हणालो, तसं नाही, तारीख सांगा. खरी सांगा, खोटी सांगा, पण सांगा.

साडू म्हणाले, तारीख नाही हो. कार्यक्रमच नाही काही. त्याला कुठे जायचं नाहीये. झाला की फोन करा. मग माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. हात बराच वेळ तिथेच असल्यासारखा वाटत राहिला.

कापड समोर पसरून बसलोय. खडू हातात आहे. काकू दोनदा विचारून गेल्या, हे गठ्ठ्यात की वेगळ्या फळीवर? ज्याला तारीखच नाही त्याला उशीर करायचा कसा, ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.